जुन्या दोस्ताबरोबर मरळीच्या मागावर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या शाळासोबत्याचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो. डोक्यावर टोपी, मागे मोठे तळे आणि जबड्यात अंगठा घालून उचलून धरलेला एक जाडजूड हिरवट मासा. खाली लिहिलेले असते, ‘बास टुर्नामेंटला गेलो होतो, तिसरा नंबर आला. गावी आलो की आपणही जाऊ.’ मराठवाड्यातल्या कळंबमधला दोस्त फोटो मोठा करून बघतो आणि विचारात पडतो. मांजरा नदीला पाणी आहे, पाण्यात मासे आहेत, माळ्यावर शोधली तर जुनी गळकाठीही सापडेल. पण बास कुठून आणायचा?

तो मिळणार नाही. लार्जमाऊथ बास हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला मासा. मांजरा, तेरणा, सीना या नद्यांत तो नाही आणि नाही तेच बरे. जपानने १९२५ मध्ये आशी सरोवरात तो हौसेने सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि स्थानिक मासे फस्त करू लागला. अखेर २००५ मध्ये परक्या आक्रमक जीवांविषयीच्या कायद्याखाली तो पाळायला, जिवंत वाहून न्यायला आणि पाण्यात सोडायला बंदी घालावी लागली. बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे, तिथे तर गळाला लागलेला बास परत पाण्यात सोडण्यासही मनाई आहे. विशेष म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जियात १९३२ साली नोंदल्या गेलेल्या सर्वांत वजनदार बासच्या विक्रमाची बरोबरी झाली ती याच बिवा सरोवरात, २ जुलै २००९ रोजी. दोन्ही मासे दहा किलोंच्या थोडे वर होते. तेव्हा कोणी हौशी मंडळी ‘बीज आणून आपल्या तळ्यात सोडू’ म्हणू लागली, तर त्यांना तिथेच थांबवावे. चिलापीने आपल्या धरणांत काय केले, हे डोळ्यांसमोर असताना आणखी एक पाहुणा नको.

मांजराकाठी बासची जागा घेते ती मरळ. शेजारच्या तेलंगणाने तिला राज्याचा मासा ठरवले आहे. महाराष्ट्राने तो मान २०२३ मध्ये पापलेटला दिला. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या मराठवाड्याला विचारले असते, तर निकाल कदाचित वेगळा लागला असता.

गळ टाकणाऱ्याच्या नजरेने पाहिले तर मरळ आणि बास यांचे वागणे बरेच जुळते. रोहू-कटल्यासारखे चरत फिरणे दोघांच्याही स्वभावात नाही. पाणवेलींच्या कडेला, बुडालेल्या बाभळीच्या खोडाआड, लव्हाळ्याच्या सावलीत ते दबा धरून बसतात आणि बेडूक, लहान मासा, क्वचित पाण्यावर पडलेला टोळ टप्प्यात आला की झडप घालतात. म्हणूनच बाससाठी तयार झालेला पोकळ रबरी बेडूक भारतभर मरळीसाठी विकला जातो आणि चालतोही. मरळीची एक खूण मात्र बासकडे नाही. ती हवेतून श्वास घेते. थोड्या थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेते आणि खाली जाते. पाण्यावर एक ठसठशीत वर्तुळ उमटते, कधी एखाद-दुसरा बुडबुडा येतो. पहिला अर्धा तास काठी हातात न घेता नुसती ही वर्तुळे मोजत बसणारा माणूस दिवसअखेर पुढे असतो.

आता पाण्याविषयी. मांजरा बालाघाटाच्या डोंगरात, पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि कळंबच्या कुशीतून पुढे जाते. केज तालुक्यात धनेगावजवळ तिच्यावर मांजरा धरण आहे. त्याची एकूण साठवणक्षमता सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातला उपयुक्त साठा सुमारे १७७. धरण भरले की फुगवटा कळंब तालुक्याच्या शिवारापर्यंत येतो. पण हे पाणी भरवशाचे नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात धरण कोरडे पडले आणि एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. उलट २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस नदीला असा महापूर आला की कळंब तालुक्यातल्या नदीकाठच्या लोकांना हेलिकॉप्टरने आणि बोटींनी बाहेर काढावे लागले. कोरडे धरण आणि महापूर ही दोन टोके साडेपाच वर्षांच्या आत एकाच नदीवर दिसली.

माशांच्या मालकीचा प्रश्नही यातूनच येतो. धरण आटले की रोहू, कटला, मृगळ संपतात. पाणी आल्यावर बोटुकली विकत आणून पुन्हा सोडावी लागतात. ती मच्छीमार सहकारी संस्था सोडतात, कारण जलाशयातल्या मासेमारीचा ठेका मत्स्यव्यवसाय विभाग त्यांना देत असतो. म्हणजे हौसेने ओढलेला तीन किलोंचा कटला हा कोणाच्या तरी गुंतवणुकीचा भाग असतो. मरळ चिखलातल्या डबक्यातही तग धरते, तिचे बीज सहसा कोणी सोडत नाही, तरी ठेका साऱ्या जलाशयाचा असतो. त्यामुळे पहिले काम काठी घेण्याचे नाही, संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना भेटण्याचे. तारीख सांगा, किती माणसे आणि किती काठ्या हे सांगा, मासे परत सोडणार की नेणार ते सांगा आणि पैसे किती द्यायचे ते आधीच विचारा. हौशी गळकऱ्यांना बहुतेक ठिकाणी कोणी अडवत नाही, पण न विचारता आठ-दहा जणांचा घोळका काठावर उतरला, तर वाद होणारच, आणि त्यात चूक घोळक्याची असेल. धरणाची भिंत, सांडवा आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरीचा परिसर जलसंपदा खात्याच्या ताब्यात असतो. तिकडे गळ टाकायला जाऊच नये.

मुंबईकरांना ही शिस्त फार आधी लागली. पवई तलावावर गळकऱ्यांची संघटना इंग्रजांच्या काळापासून आहे. आज ती महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन म्हणून ओळखली जाते. सभासदत्व, परवाना, ठरलेल्या जागा असा तिथला कारभार असतो. कळंबला संघटना काढण्याची गरज नाही, पण एका कागदावर परवानगी लिहून घेण्यात कमीपणाही नाही.

स्पर्धेचे नियम मात्र थेट बासवाल्यांकडून घ्यावेत, कारण त्यावर त्यांनी अर्धशतकाहून अधिक काळ डोके चालवले आहे. या स्पर्धांचा जनक रे स्कॉट हा अलाबामातला विमा एजंट. १९६७ च्या मार्चमध्ये पावसाने मासेमारी बुडाली, म्हणून तो मिसिसिपीतल्या जॅक्सन गावी हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर बास्केटबॉल बघत बसला होता. मासेमारीच्या अशाच रीतसर स्पर्धा का असू नयेत, हे त्याच्या डोक्यात तिथे आले. त्याच जूनमध्ये आर्कान्सॉतल्या बीव्हर लेकवर १०६ जणांनी प्रत्येकी शंभर डॉलर भरून भाग घेतला. पुढच्या वर्षी त्याने ‘बास’ ही संघटना काढली, १९७१ मध्ये लेक मीडवर पहिली ‘बासमास्टर क्लासिक’ झाली. पण स्कॉटचे मोठे काम १९७२ चे. मेलेल्या माशांच्या माळा हातात धरून फोटो काढण्याची पद्धत त्याने मोडली आणि मासा जिवंत आणायचा, तोलायचा, परत सोडायचा हा आग्रह धरला. तेव्हापासून बोटीत हवा खेळती ठेवणारी पाण्याची टाकी आली आणि मेलेल्या माशामागे वजन कापण्याचा नियम आला. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत आजही मेलेल्या प्रत्येक बासमागे चार औंस, म्हणजे सुमारे एकशे तेरा ग्रॅम कापले जातात. उशिरा परतणाऱ्याचे मिनिटाला एक पौंड जाते. साधारणपणे पाचच मासे मोजले जातात. सहावा मोठा लागला, तर आधीच्यांतला छोटा सोडून द्यायचा. जोडीच्या स्पर्धेत दोघांचे मिळून पाच.

या नियमांतला जोडीचा भाग जुन्या दोस्तांसाठी फार सोयीचा आहे. एकमेकांविरुद्ध न खेळता एका पारड्यात बसता येते. तीन-चार जोड्या जमल्या, तर स्पर्धा रंगते. एकच जोडी असेल, तर सकाळच्या आपल्याच आकड्याशी संध्याकाळी झुंजता येते.

एक बदल मात्र केलाच पाहिजे. मराठवाड्याच्या उन्हात घमेल्यात किंवा टबात ठेवलेला रोहू तासाभरात मान टाकतो. अमेरिकी बोटीतली हवा फिरवणारी टाकी आपल्याकडे नसते. म्हणून वजन सोडा, लांबी मोजा. जाड प्लास्टिकच्या पट्टीवर किंवा पीव्हीसी पाइप मधोमध चिरून त्याच्या आतल्या बाजूला मोजपट्टी चिकटवा. एका टोकाला टोपण बसवा. पट्टी पाण्याने ओली करा, माशाचे तोंड टोपणाला टेकवा, शेपटी मिटवा, फोटो काढा आणि मासा लगेच पाण्यात. पाच माशांची सेंटिमीटरमधली बेरीज हा जोडीचा निकाल. फोटोत त्या दिवशीची चिठ्ठी दिसली पाहिजे. पहाटे काढलेला एखादा शब्द, ‘करडई’ किंवा ‘चुलवण’, ज्याने तो मासा आजचाच आहे हे सिद्ध होते. जुना फोटो खपवण्याची वाट त्याने बंद होते.

मित्रामित्रांत चिठ्ठ्या कशाला, असे कोणी म्हणेल. ओहायोतल्या क्लीव्हलँडला ३० सप्टेंबर २०२२ रोजी वॉलाय जातीच्या माशांची स्पर्धा झाली. वजन संशयास्पद वाटले, म्हणून संयोजकाने मासे चिरले, तर पोटात शिशाचे गोळे निघाले. ती जोडी अनेक स्पर्धा एकत्र खेळलेली होती. पुढच्या वर्षी न्यायालयाने दोघांना दहा दिवसांचा तुरुंगवास दिला आणि त्यांची महागडी बोट जप्त झाली. तिथे बक्षीस हजारो डॉलरचे होते हे खरे. आपल्याकडे पैज मटणाच्या जेवणाची असली, तरी नियम आधी ठरलेले बरे. पैशांची पैज तर नकोच, त्यात माशांपेक्षा दोस्ती लवकर गळाला लागते.

तारीख ठरवताना एक अडचण हमखास येते. परदेशातला मित्र येतो तो डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत किंवा जून-जुलैत मुलांच्या सुट्टीत. मरळीचा खरा काळ यांच्या मध्ये पडतो, फेब्रुवारी संपता संपता मेअखेरपर्यंत. पाणी उतरलेले असते, मासा कडेच्या वेलींत एकवटतो आणि उष्णतेने चपळ झालेला असतो. डिसेंबरच्या थंडीत मरळ सुस्त असते. तेव्हा तिचा नाद सोडून दुपारी अकरा ते तीनच्या उन्हात चिलापीवर आणि मृगळावर तरंगीचा गळ टाकावा. जून-जुलैत अडचण वेगळी. पावसाळ्यात मरळीची वीण असते. पिलांचा लालसर पुंजका पाण्यावर घोळताना दिसतो आणि त्याच्याखाली नर-मादी राखण करतात. त्या पुंजक्यावर बेडूक टाकला की पालक त्वेषाने झडप घालतो, कारण त्याला तो पिलांवरचा हल्ला वाटतो. असा मासा काढणे सोपे असते आणि त्याचमुळे वाईट. पालक गेला की पुंजका काही वेळात इतर माशांच्या पोटात जातो. पुंजका दिसला तर जागा बदला, स्पर्धेतही तो मासा मोजू नका, हा नियम कागदावर लिहाच. शक्य असेल तर मित्राला होळीच्या सुमारास यायला सांगा. रजा मिळणे अवघड, पण निदान विचारता येते.

सामान फार लागत नाही, आणि पहिल्या खेपेला महाग घेऊ नये. मरळीसाठी साडेसहा ते सात फुटी, मधल्यापेक्षा जरा कडक काठी, साधे स्पिनिंग रीळ आणि तीस ते पन्नास पौंड ताकदीचा विणलेला दोरा. नायलॉनचा दोरा ताणला जातो आणि वेलींत अडकलेली मरळ त्या ताणाचा फायदा घेते. विणलेला दोरा वेल कापून येतो. चिलापीला उलट बारीक नायलॉन, पाव मिलिमीटरचा, लहान गळ आणि मोरपिसाची किंवा प्लास्टिकची तरंगी. आमिष घरातले: गांडूळ, मैद्याचा घट्ट गोळा, शेंगदाण्याच्या पेंडीचे पीठ. पेंड रात्रभर भिजवून सकाळी मैद्यात मळली, तर गोळा गळावर टिकतो. सैल मळला तर पाण्यात पडताच विरघळतो आणि मासे फुकट जेवून जातात.

गाठ एकच शिका, पण नीट शिका. विणलेल्या दोऱ्याला पालोमार गाठ उत्तम. दोऱ्याचे टोक दुमडून दुहेरी करा आणि तो फास गळाच्या डोळ्यातून काढा. दुहेरी दोऱ्यानेच एक साधी सैल गाठ मारा. आता उरलेल्या फासातून अख्खा गळ, बेडकासकट, खाली ओवून घ्या. थुंकीने दोरा ओला करा, मग दोन्ही टोके हळूहळू ओढून आवळा. कोरडा दोरा झटक्यात आवळला तर घर्षणाने तापतो आणि तिथेच कमजोर होतो. मासा तुटून गेला की लोक दोऱ्याच्या कंपनीला नावे ठेवतात, पण बहुतेक वेळा तुटलेली असते ती गाठ. पक्कड बरोबर ठेवा आणि गळाच्या टोकामागचा उलटा काटा घरीच दाबून सपाट करा. मासा सुटण्याचा धोका किंचित वाढतो, पण गळ मासा आणि माणूस या दोघांच्याही अंगातून सहज निघतो.

पहाटे पाण्याजवळ पोचल्यावर घाई नको. उजाडता उजाडता, वारा पडलेला असताना वेलींच्या पलीकडे बेडूक फेका, थेट पाण्यावर टाकण्यापेक्षा पानावर पडू द्या. खऱ्या बेडकासारखा तो पानावरून पाण्यात उतरला पाहिजे. मग थांबा. उमटलेली वर्तुळे विरली की काठीचे टोक दोनदा हलवा, वीतभर ओढा, पुन्हा थांबा. बहुतेक झडपा या थांबलेल्या क्षणी येतात. पाणी फुटते, बेडूक नाहीसा होतो आणि हात आपोआप हिसका देतो. नेमकी तिथेच मरळ जाते. तिने बेडूक अजून ओठांतच धरलेला असतो. रिकामा बेडूक सूं करत कानाशेजारून मागे येतो आणि दोस्त हसतो. दोरा ताणला गेलेला हाताला जाणवेपर्यंत मनात एक-दोन म्हणा, मगच काठी वर आणि रीळ जोरात. वेलींत शिरू द्यायचे नाही, एवढेच लक्षात ठेवा.

दोघांनी दहा-पंधरा हातांचे अंतर ठेवून, एकाच दिशेने सरकत जावे. पुढचा बेडूक टाकतो, मागचा थोड्या वेळाने तीच जागा वेगळ्या आमिषाने तपासतो. अर्ध्या तासाने जागा बदला. यात कोणी कोणाचा गुरू नसतो आणि कुरबुरही होत नाही. एक शंका मात्र प्रत्येक जोडीत निघते. एकाला शांतता हवी असते, दुसरा वीस वर्षांच्या गप्पा साठवून आलेला असतो. गप्पा मारणाऱ्याच्या बाजूने विज्ञान आहे. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही, बहुतांश पृष्ठभागावरून परत फिरतो. काठावर आपटलेला पाय, दगडावर टेकवलेला स्टीलचा डबा, होडीच्या तळाला लागलेले वल्हे यांचा हादरा मात्र थेट माशापर्यंत जातो. शाळेतल्या मास्तरांच्या नकला खुशाल करा, फक्त उभे राहून पाय आपटत नको.

मासा हाती आला की अमेरिकेहून आलेल्या मित्राला पहिली सूचना ही द्या, की मरळीच्या तोंडात अंगठा घालायचा नाही. बासला बारीक खरखरीत दात असतात, म्हणून तो जबड्याने उचलता येतो. मरळीचे दात बोट फाडतात. ओल्या हाताने एक हात मानेमागे आणि दुसरा पोटाखाली घेऊन आडवी धरा, गळ पकडीने काढा. कोरडा हात, कोरडी वाळू, टॉवेल यांनी अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मासा पुढे बुरशीने मरतो. शिंगी गळाला लागली, तर आणखी जपून. तिच्या कल्ल्यांमागच्या काट्यात विष असते. टोचलाच, तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवल्याने ठणका उतरतो. गळ बोटात रुतला तर ओढाओढ न करता दोरा कापा आणि कळंबचे उपजिल्हा रुग्णालय गाठा, धनुर्वाताचे इंजेक्शन घ्या. डोळ्यांवर चष्मा हवाच, मागे येणारा बेडूक डोळा बघून येत नाही.

मरळीपेक्षा माणसाला धोका काठावर जास्त असतो. धरणाच्या फुगवट्याभोवती शेतकऱ्यांच्या मोटारी बसवलेल्या असतात आणि त्यांच्या केबली गवतातून, चिखलातून, कधी पाण्यातूनच गेलेल्या असतात. जोडांवर चिकटपट्टी गुंडाळलेली असते, तीही सुटलेली. मोटार दिसली की तिच्यापासून लांब राहा, पाण्यात पाय घालू नका आणि वर तारा असतील तिथे काठी उभी धरू नका. कार्बनची काठी वीज वाहते. याच कारणाने वळवाचे ढग दिसताच काठी आडवी ठेवून गाडीत जाऊन बसायचे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ ॲप आसपास वीज पडण्याचा इशारा देते, ते मोबाइलमध्ये असू द्या. उन्हाळ्यात उघडी पडलेली गाळपेर जमीन वरून वाळलेली आणि खालून पाणीदार असते. काठीने चाचपल्याशिवाय पाय टाकू नये. तिथे कोणी कलिंगड किंवा काकडी लावली असेल, तर वाट वळसा घालून काढावी.

होडीचा मोह टाळलेला बरा. मच्छीमारांचे थर्माकोलचे तराफे त्यांच्या सवयीचे असतात, पाहुण्यांच्या नाही. उजनी धरणाच्या जलाशयात २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. दुपारपर्यंत शांत असलेले पाणी मे महिन्यात संध्याकाळी काय रूप घेते, हे त्या दिवशी दिसले. होडीत बसायचेच असेल, तर प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, आणि ते बसायला म्हणून ठेवलेले नाही, बक्कल लावून घातलेले. दारूबद्दल वाद नको. पाण्याजवळ असेपर्यंत नाही. ‘पार्टी’ घरी जाऊन करा.

पन्नाशी-साठीतल्या दोस्तांनी आणखी थोडे बघावे. साखरेच्या गोळ्या घेणाऱ्याने न्याहारी चुकवायची नाही. सकाळी सातला धपाटे आणि दही, नाहीतर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, हे पाण्यावर फार जोरात लागते. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, लांब बाह्यांचा सदरा, काठावर बसायला घडीची खुर्ची. कोणाची गाडी, कोणी आमिष मळायचे, कोणी मोजपट्टी सांभाळायची, हे आदल्या रात्री ठरवा. घरच्यांना जागेचे लोकेशन आणि परतीची वेळ पाठवा, काही ठिकाणी रेंज नसते.

खायला न्यायचे असेल, तर दोघांना पुरेल एवढी एक मरळ पुरे, बाकीच्या सोडा. मरळ हवेतून श्वास घेत असल्याने ओल्या गोणपाटात घरी पोचेपर्यंत जिवंत राहते. बाजारात तिला भाव मिळतो तो याच ताजेपणाचा. साफ करताना अंगाला चुलीतली राख किंवा जाडे मीठ चोळले, तर बुळबुळ निघून हातातून निसटत नाही. रोहू-कटला गळाला लागला आणि न्यावासा वाटला, तर संस्थेच्या माणसासमोर तोलून बाजारभावाने पैसे द्या. स्पर्धेचे ठरलेले पैसेही त्याच वेळी, काठावरच चुकते करा. तुटलेला दोरा, रबरी बेडकाची वेष्टने, पाण्याच्या बाटल्या गोळा करून पिशवीत भरा. दोऱ्याच्या गुंत्यात पाणकावळे आणि बगळे अडकतात. संस्थेकडून पैशांची पावती मागून घ्या आणि परवानगीच्या कागदाला जोडून ठेवा. पुढच्या वर्षी नवे अध्यक्ष आले असतील, तर ओळख पटवायला ती उपयोगी पडते.